एकच मच्छरदाणी

१२ जून

चि. भाचीबाईस, मावशीचे आशीर्वाद. वि. वि.

नाही गं बाई, ताई माझ्याकडे होती तेव्हा आमच्यात तापानं कुणी झोपलेलं नव्हतं. तुझे काका जरा थकले होते, बास. तुझी आई महिनाभर राहिली, मला नावं ठेवत माझ्याच हातचं जेवली आणि धडधाकट तुझ्याकडे परतली. ताप तिला पंधरा दिवसांनी भरला, तुझ्या घरी. ती गेली, मागोमाग काका गेले. आता दोन वर्षांनी कशाला उकरतेस?

प्रयोगशाळेत डासांना साखरपाणी पाजतेस म्हणे! मावशीला कधी चहा विचारला नाहीस. असो. थट्टेवर रागावू नकोस, माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी मावशी

२० जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

हसले, मग रडले. आई परतली त्याच आठवड्यात आमच्या मलेरियाचे जंतू दिलेल्या डासांच्या पिंजऱ्याची जाळी फाटली होती. तुमच्याकडे ताप नव्हता, म्हणजे माझ्याच पिशवीतून डास घरी आला. महिनाअखेरीस राजीनामा देतेय.

डास जन्मतः मलेरिया घेऊन येत नाही गं. आजारी माणसाला चावला की जंतू त्याच्या पोटात जातात, वाढतात, दहा-बारा दिवसांनी लाळेत उतरतात. मग तो दुसऱ्याला देतो. म्हणून मच्छरदाणी आधी आजाऱ्याला.

लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची

२४ जून

चि. भाचीबाईस, आशीर्वाद. वि. वि.

राजीनामा देऊ नकोस. दिला असशील तर जाऊन परत माग.

काकांना मलेरिया होता. ताई यायच्या आदल्या दिवशीच नर्सबाईंनी गोळ्या दिल्या, त्यांच्यासाठी मच्छरदाणीही दिली. मी ती ताईच्या खाटेवर बांधली, पाहुणी म्हणून. काकांना म्हटलं, तुम्हाला ताप आलेलाच आहे, आता डास आणखी काय देणार? तेही हसले. डास त्यांच्याकडून काही नेईल, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही.

ताई रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी पायरीवर पाय खाजवत बसायची. मी चिडवायची, डासांनासुद्धा थोरलीच गोड लागते.

तुझं पत्र आल्यापासून बोटांवर दिवस मोजतेय. बरोबर बसतात गं.

माया उरली तर दोन ओळी लिही.

तुझी मावशी

ता. क. काकांचा ताप मी ताईपासून मुद्दाम लपवला. कळलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी परत गेली असती, आणि मला ती हवी होती.