सात फूट, दांडा सोडून

३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खाली वहिनीने जोडलेली ओळही वाचली: बाटल्या धुवायच्या ब्रशांना आता गिऱ्हाईक नाही, ते करायचं मशीन भंगारात द्यावं असं ती म्हणते, आणि तू त्या विषयापुरता बहिरा झाला आहेस. पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकणारा माणूस घरात सोयीने बहिरा होतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

आता माझं काम. मी जिथे मेट्रन आहे तो मुलांचा हाडांचा वॉर्ड. कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये, कुणाचा वजनं लावून टांगलेला. नाताळात खालच्या हॉलमध्ये झाड उभं राहतं. चालती मुलं जाऊन बघून येतात, माझी मुलं पडल्या पडल्या नुसती गाणी ऐकतात. खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी आहे. सगळ्या वॉर्डाला हुकूम सोडते, म्हणून तिला आम्ही कॅप्टन म्हणतो. तिने परवा विचारलं, झाडाला वर यायला काय झालं, त्याचे थोडेच पाय मोडलेत? मी तशीच उठले.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, झाड म्हणजे माती, चीक, किडे आणि गळणारा पाला. जे साबणाने धुता येत नाही ते या वॉर्डात येणार नाही. मान डोलावून बाहेर पडले आणि जिन्यातच थबकले. मागे एका पुस्तकात वाचलं होतं, की जंगलं फार तुटायला लागली तेव्हा जर्मन मुलखात लोक हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेला गुंडाळत आणि त्याचं नाताळचं झाड करत. पुढे ब्रशवाल्यांनी तेच आपल्या मशीनवर केलं. म्हणजे हे तुमचंच घराणं निघालं की रे! जे दुसऱ्याला धुतं ते स्वतः धुता येणारच.

करशील? डॉक्टरांना पटवून एक कोपरा मिळवला आहे. वरून पाइप जातो, म्हणून उंची सात फूट, वर बोटभरही नाही.

होकाराची वाट बघणारी आणि नकारापुरती तुझ्यासारखीच बहिरी,
ठकू

९ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र मशीनपाशी उभ्याउभ्याच वाचलं, मग आपल्या कारखान्यातल्या मिस्तरींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, बाटलीचा ब्रश उभा धरला तर झाडच दिसतो, आणि आपण दोघं इतकी वर्षं त्याला उलटा धरून बसलो. त्यांनी लगेच बटण दाबलं. मशीन आधी कण्हलं, मग खोकलं, मग असं लागलं की जणू कालच बंद केलं होतं. मी आवाजावरून सांगतो, त्याला काहीही झालेलं नाही. आपण लक्ष दिलं नाही म्हणून रुसलं होतं.

आवाज ऐकून तुझी वहिनी दारात आली. तिचं म्हणणं, भंगारवाल्याला शब्द दिलाय. माझं म्हणणं, नाताळापर्यंत थांब. झाड वॉर्डात लागलं तर मशीन राहील, नाही लागलं तर मीच ढकलत नेऊन देईन. तिने मिस्तरींना साक्षीला धरलं आणि मगच चहा दिला.

फांदी करायची रीत सोपी आहे: दोन तारा, मध्ये नायलॉनचे हिरवे केस, आणि पीळ. पीळ बसला की केस बापजन्मात निघत नाही. खोडाला लोखंडी नळी घेऊ, तिला भोकं पाडून फांद्या बसवू. नमुन्याची एक फांदी सोबत धाडतो. डॉक्टरांना म्हणावं, खुशाल छळा.

फक्त एक सांग. झाड घरात आणायचं मुळात सुचलं कुणाला, राजाला की धर्मगुरूला? आपण कुणासाठी घाम गाळतोय ते कळलेलं बरं.

माझी माया फांदीच्या तारेसारखीच, ओढूनही सुटायची नाही,
दादा

२० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी फांदी डॉक्टरांनी उकळली, घासली, वाकवली, वास घेतला आणि शेवटी चिमट्याने ओढून बघितली. एक केस निघाला नाही. मग म्हणाले, हरकत नाही. पण हे ‘हरकत नाही’ त्यांनी असं उच्चारलं की मला हरकतच ऐकू आली. अट अशी: २१ डिसेंबरला सकाळी ते स्वतः येऊन बघणार. झाड जागेत बसलं नाही किंवा एक केस गळला, तर ते बाहेर जाईल, आणि ते इथे असेपर्यंत मी हा विषय पुन्हा काढायचा नाही. ते अजून बरीच वर्षं इथे आहेत, दादा. त्यांची तब्येत ठणठणीत आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: राजा नाही, धर्मगुरूही नाही. जुन्या नोंदी सापडतात त्यांत कारागीर पुढे आहेत. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी त्या जर्मन मुलखात कारागिरांचे संघ असत. ते आपल्या बैठकीच्या जागी झाड उभं करत, सफरचंदं, अक्रोड, कागदी फुलं लावत, आणि सणाला सभासदांची मुलं येऊन झाड हलवून खाऊ पाडत. राजवाड्यांनी ते पुष्कळ नंतर उचललं. मेणबत्त्या आल्या तेव्हा शेजारी पाण्याची बादली ठेवायचे. आणि ज्यांच्या घरात पाय ठेवायलाही जागा नसे ते झाड चक्क आढ्याला टांगत. मी हे रोज थोडं थोडं वॉर्डात वाचून दाखवते. टांगायचं ऐकून कॅप्टन म्हणाली, म्हणजे त्याचाही पाय वजनाला लावला!

मुलांनी जुन्या एक्स-रे फिल्म कापून तारे केलेत. ज्याचं हाड त्याचा तारा. तेही धुता येतात.

तुझ्या कौतुकाला कायम हपापलेली,
ठकू

१२ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

राजेलोकांच्या आधी कारागीर, हे वाचल्यापासून मिस्तरी कॉलर ताठ करून फिरतात.

झाड आज ट्रकवर चढवलं. सात फूट, ब्रशाच्या मापाने अगदी चोख. बघायला अख्खी गल्ली लोटली. समोरच्या शिंप्याने विचारलं, एवढी मोठी बाटली कुणाची आहे? मी म्हटलं, माझ्या बहिणीची, तिने सगळ्या हॉस्पिटलला त्यात उतरवलंय.

मिस्तरी सोबत येताहेत. त्यांना दोनदा वाढ, तिसऱ्यांदा ते लाजून नको म्हणतात तेव्हाही वाढ.

विजयाची बातमी ऐकायला दोन्ही कान उघडे ठेवून बसलेला,
दादा

ता. क. वन्सं, फांद्या मी स्वतः साबणाने धुतल्या आहेत, यांच्यावर विसंबले नाही. संघातल्या मुलांसारखं आपल्या मुलांनाही झाड हलवून काही मिळायला हवं, म्हणून कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या गोळ्या करवून ठेवल्या आहेत, कुणी येईल त्याच्याबरोबर धाडते. मशीन गेलं तरी मला वाईट वाटणार नाही असं मी म्हणाले होते. ते विसरा. तुमची वहिनी.

१६ डिसेंबर

दादा,
नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात.

झाड बसत नाही. कोपऱ्यात उभं करायला गेलो तर शेंडा पाइपला अडतो आणि खाली खोड दोन हात उरतं. मिस्तरींनी तीनदा मोजलं. ते म्हणतात माप बरोबर आहे, सात फूट. मी म्हणते डोळ्यांना दिसतंय ते नऊ-दहा आहे. ते म्हणतात दांडा कोण मोजतं? हे काय बोलताहेत? मुलांनी तारे पोटावर ठेवलेत आणि माझ्याकडे बघताहेत. २१ तारीख पाच दिवसांवर आली.

ये.

ठकू

१८ डिसेंबर

चि. ठकूस,
आशीर्वाद, आणि जरा धीर.

मिस्तरी खोटं बोलत नाहीत. आमच्या धंद्यात सहा इंची ब्रश म्हणजे सहा इंच केस. दांडा हिशेबात धरायचा नाही, तो गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे. मी सात फूट म्हटलं, त्यांनी सात फूट केस भरले आणि खाली दांडा जोडला. दोघांपैकी एकालाही शंका आली नाही. झाड केलं, पण डोकं ब्रशाचंच राहिलं. हे ऐकताच तुझी वहिनी आत गेली. तिने करवत काढून दिली आणि बरोबर गोळ्यांची पिशवी दिली.

निघालो.
दादा

२१ डिसेंबर

कारभारीणबाईंस,
नमस्कार, आज मान ताठ ठेवून.

भंगारवाल्याला निरोप दे, त्याने दुसरं दार बघावं.

आता क्रमाने ऐक. काल दुपारी करवत घेऊन वॉर्डात शिरलो. दांडा कापला तर उंची बसत होती, पण खालच्या फांद्या फरशीवर लोळत होत्या. आणि झाडाखालून फरशी पुसता आली पाहिजे, हा डॉक्टरांचा आणखी एक नियम. वरून कापावं तर शेंडाच जातो. ठकू मला एक शब्दही टाकून बोलली नाही, त्यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेलंय ते समजलो.

हताश होऊन एका रिकाम्या खाटेवर टेकलो. माझे कान तुला माहीत आहेत. कॅप्टन शेजारच्या मुलाची हळूच समजूत काढत होती, की रडू नकोस, कोपऱ्यात उभं राहिलं असतं तरी आपल्याला कुठे दिसणार होतं, आपल्याला काय, छतच दिसतं. सगळ्यांना झाड हवं म्हणून ती दीड महिना हे कुणाला बोलली नव्हती. मी बूट काढले आणि खाटेवर उताणा झालो. पोरगी खरं बोलत होती. कोपरा दिसतच नाही. दिसतं ते उंच छत, आणि मधोमध पूर्वीच्या अवजड पंख्याचा लोखंडी हूक.

ठकूच्या पत्रातलं आढं तेव्हा आठवलं. असा ओरडलो की नर्स पळत आली, तिला वाटलं माझंच हाड मोडलं.

हॉस्पिटलच्या इंजिनिअरने हूक तपासला, म्हणाला पंखा या झाडाच्या दुप्पट वजनाचा होता. तरी मी दोर टाकून आधी स्वतः लोंबकळलो, मग मिस्तरीही लोंबकळले. सगळा वॉर्ड खिदळत होता. कॅप्टनने फर्मान काढलं, ही दोन झाडं नकोत, जुनी झालीत, हिरवं आणा. मग हिरवं वर गेलं. खालून ट्रॉली जाते, फरशी पुसता येते, आणि प्रत्येक उशीवरून झाडाची प्रत्येक फांदी दिसते. एक्स-रेचे तारे खाली लोंबले, खिडकीतला उजेड त्यांच्यातून आरपार गेला, आणि ज्याने त्याने आपापलं हाड शोधायला सुरुवात केली.

राहिली मोठी चांदणी. ती शेंड्यावर लावायची, पण शेंडा छताला भिडलेला, तिथे ती पालींनाच दिसणार. मग मिस्तरींनी ती दांड्याच्या खालच्या टोकाला बसवली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. ती गोळ्यांची पिशवीही मी केसांत रिकामी केली होती, हे ठकूलाही सांगितलं नव्हतं.

आज सकाळी डॉक्टर आले. कोपरा रिकामा बघून त्यांचा चेहरा पडला की खुलला ते कळेना. मग वर बघितलं. खाली पांढरी चादर अंथरायला लावली आणि झाड हलवा म्हणाले. मिस्तरींनी गदागदा हलवलं. चादरीवर गोळ्यांचा सडा पडला! केस? डॉक्टरांनी चष्मा बदलून, ओणवं होऊन शोधला. एक नाही. वर कॅप्टनने त्यांना बजावलं, की झाड हलवायची ही रीत कारागिरांची आहे, चारशे वर्षं जुनी, आणि गोळी मिळाली तर खावी लागते.

मग त्यांनी विचारलं, टांगलं कशाला? कॅप्टन म्हणाली, झोपून बघा. आणि मोठे डॉक्टर झोपले, बुटांसकट. बराच वेळ उठेनात, ठकूला वाटलं डोळा लागला. उठले तेव्हा गालात गोळी होती. म्हणाले, रोज या खाटांशी उभा राहतो, पण इथून वॉर्ड कसा दिसतो हे आज बघितलं. झाड दरवर्षी याच हुकाला लागेल, आणि शेजारच्या दोन वॉर्डांतही पंख्यांचे हूक आहेत, तेव्हा मशीनला तेल घालून ठेवा.

घालशील ना? डबा खिडकीत आहे.

मिस्तरी अजून तिथेच उभे आहेत, मान वर करून. आयुष्यभर आम्ही दांडा हिशेबात धरला नाही, आणि आज सगळा वॉर्ड त्याच्याकडेच बघत पडला आहे.

तुझी करवत, तिचे दात जराही न झिजवता, परत घेऊन येणारा,
तुझा ब्रशवाला