खोबऱ्याचा तुकडा

इंदूर, गुरुवार, १९५८

आरतीनंतर दोन वर्षांच्या नातीच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा मीच घातला. ती हसत पळाली आणि एकदम गप्प झाली. खोकला नाही, रडणं नाही, ओठ निळे. आणि मी? टाळूवर थोपटत "वर बघ, वर बघ" म्हणत राहिलो. गावात सगळे तेच करायचे.

शेजारच्या नर्सबाई धावत आल्या. "काकाजी, हटा! मान वर केली तर और आत जाईल!" त्यांनी पोरीला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली ठेवून पाठीवर तळहाताने जोरात थापा मारल्या. तुकडा पडला. ती रडली.

"आता प्रसाद किसून द्या, अन् बसवून."

नखाएवढाच तुकडा होता तो. मघाशी खोबरं किसून घेऊन बसलो, तर नात माझ्यापुढे पुन्हा 'आ' करून उभी. मला हात उचलवेना.