पोर्चवर छप्पर कसलं घालावं, याविषयी ताईस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघे आता जमिनीपर्यंत जात नाहीत, उभ्यानेच मान्य करून घे.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत औषध घालतेस की बाटली नुसती कपाटावर मांडून ठेवतेस? भाची, जावईबापू, नात सगळी मजेत असतील. भाचीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी गेलीस, आणि ती नात आता शाळेत जायला लागली असं कळलं. मुलं भराभर वाढतात, आपण काय बोलणार.

पत्र लिहायचं कारण, आपल्या दुकानापुढे, म्हणजे घराच्या पुढच्या दाराशी, पोर्च काढतोय. गिऱ्हाइकांना बसायला जागा हवी, दुसरं काही नाही. चार खांब उभे राहिले आणि छपरावर गाडं अडलं. गवंडी म्हणतो सपाट स्लॅब टाका, पिढ्यान्‌पिढ्या बघायला नको. वेल्डर म्हणतो एका उताराचा पत्रा घाला, दोन दिवसांत मोकळे. सुतार म्हणतो, "दोन उतारांचं घाला, घराला जरा नाकडोळे येतील." (ज्याला जे बनवता येतं तेच घराला शोभतं, असा या तिघांचा ठाम अनुभव.) तुझी भावजय म्हणाली, "काहीही घाला, पण मी म्हातारी व्हायच्या आत घाला." मला मात्र काही सुचेना. सुचणार कसं? इतकी वर्षं ब्लाउजचा गळा तू ठरवलास आणि कापड मी कापलं. गिऱ्हाईक कॉलरचं विचारायला लागलं की मी तुझ्याकडे बघायचो आणि तू मान न उचलता सांगायचीस. तू गेल्यापासून मी सगळ्यांना गोलच गळा शिवतो. आपल्या गल्लीतल्या बायका पाठमोऱ्या आता ओळखू येत नाहीत आणि समोरूनही फारसा फरक पडत नाही.

शेवटी ठरवलं, कच्चे टाके घालून ट्रायल दिल्याशिवाय आपण कुणाच्या अंगावर कपडा चढवला नाही, मग घराच्या तरी का चढवावा? उरलेल्या अस्तराचे तुकडे जोडून तीन छपरं शिवली. आधी सपाट बांधलं. दुपारपर्यंत त्याला पोट सुटलं, आणि त्या पोटात शेजारची मांजर येऊन झोपली. खाली एक बाई ब्लाउजचं माप देत होत्या. डोक्यावर काहीतरी घोरतंय हे लक्षात आल्यावर त्या माप अर्धवट टाकून गेल्या. (एका बाहीचं माप आहे. दुसरी अंदाजाने शिवली.) मग एका उताराचं बांधलं, ते वाऱ्याने उचललं आणि सायकलवरून चाललेल्या शेजारच्या मास्तरांना डोक्यापासून हँडलपर्यंत पांघरूण घातलं. मास्तर पडले नाहीत, पण तेव्हापासून आमच्या दारावरून जाताना सारखी घंटी वाजवतात. तिसऱ्या दिवशी दोन उतारांचं चढवलं, ते चांगलं बसलं, तर लोक विचारायला आले की लग्न कुणाचं आहे. तुझ्या भावजयीने सगळ्यांना चहा पाजला आणि साखरेचा रिकामा डबा माझ्यापुढे आणून ठेवला.

त्या कापडाखाली मी बराच वेळ एकटा बसलो होतो. उजेड छान येत होता. कुणीतरी बाजूला हवं होतं, "डावीकडचा उतार जरा तोकडा झालाय रे" म्हणणारं. भावजय भली आहे, पण तिला तोकडं दिसत नाही. ताई, मला तुझी फार आठवण येते. माप घेताना अजून तोंडाने आकडे मोठ्याने सांगतो आणि वहीत कुणीच लिहून घेत नसतं. मग टेप तसाच धरून आत जायचं, लिहायचं, आणि परत येईपर्यंत पुढचा आकडा विसरलेला असतो.

तर छप्पर कुठलं, ते उलट टपाली कळव. खांब उघडे उभे आहेत आणि सुतार रोज विचारतो.

तुझा,
बॉबिन
(तू ठेवलेलं नाव आता गिऱ्हाइकंही घेतात.)

ता. क. सुतार रोज विचारतो हे खोटं आहे. छप्पर घालून आज सव्वीस दिवस झाले. दोन उतारांचंच घातलं. मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही, आणि काही निवडायचं असलं की तुझ्याने राहवत नाही हे मला माहीत आहे, म्हणून हा उपद्व्याप. सुताराला मापं मात्र मीच दिली, आणि हाताच्या सवयीने चारी बाजूंनी शिवणीत सोडतात तशी चार-चार बोटं जास्तीची माया धरून दिली. लाकूड आत दुमडून टीप मारता येत नाही, हे त्याने मला जरा वरच्या आवाजात समजावलं. मास्तरांची खिडकी आता अर्धीच उघडते.

पुन्हा ता. क. गिऱ्हाइकं पोर्चमध्ये बसत नाहीत. ती पूर्वीसारखी आत येऊन कापडाच्या गठ्ठ्यांवर बसतात. जाताना तू म्हणाली होतीस, आतल्या खोलीत सुईत दोरा ओवला जात नाही, आता माझा काय उपयोग. म्हणून दोन्ही उतारांना काचेची कौलं बसवून घेतली आहेत, आणि तुझं मशीन बरोबर त्यांच्याखाली ठेवलंय. तेल घातलंय, पट्टा नवा आहे. मी स्वतः दुपारी तिथे बसून चष्म्याशिवाय दोरा ओवून बघितला. तिसऱ्या खेपेला गेला.

येणार असलीस तर कधी, तेवढं लिही. येणार नसलीस तर तसं लिहू नकोस. नुसतं छप्पर छान झालं असेल म्हणून लिही, मी समजेन.