राखणदाराची बिअर

रॉटरडॅम, रविवार

सौ. आईस,

इतक्या लांबून पाया पडतो. बाबांना इथली थंडी मानवली, गोळ्याही वेळेवर घेतात. तुझा गुडघा कसा आहे? कलमांना मोहोर आला का? फोनवर बाबा शेजारीच बसून ऐकतात, म्हणून लिहितोय: मी वैतागलोय गं!

आज सुट्टी म्हणून नवा व्हिडिओ गेम लावला, बेल्जियमची बिअर उघडली, बाबांनाही ग्लास भरून दिला. चकणा आणायला आत गेलो, तर मागून आवाज, "बा देवा म्हाराजा..." धावत आलो. बाबा गेमच्या मशीनसमोर हात जोडून गाऱ्हाणं घालत होते आणि अर्धा ग्लास मशीनवर ओतलेला! मशीन बंद.

मी ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "राखणदाराक पयलो घोट दिल्याबिगर पिऊचा नसता. कामावरसून इलस की तू ह्येच्याच म्होरं बसतस, जेवणाची शुद्ध नसता. माका वाटला, ह्या घराचो राखणदार ह्योच."

मग मागितलं तरी काय, ते विचारलं.

"झील माझ्याशी दोन शब्द बोलूक व्हयो."

दुपारपासून मी, त्यांचा झील, त्यांच्यावर ओरडतोय आणि ते खुशीत सांगतायत, "देव पावलो."

तुझा,
हर्षद