नागिणीची दोन टोकं

९ जुलै, सकाळ
डाव्या बरगडीखाली आग होते आहे. कालपासून. ओतिलियाने आणलेल्या नव्या साबणाचा हा प्रताप. साबण बदलणे. बहीण विधवा झाल्यापासून माझ्याकडे राहते, पण म्हणून तिने माझा साबण ठरवावा असं नाही.
स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाची सुरुवात तयार: "स्पेनच्या राजाला आपण हाकललं, पण भीती नावाच्या राणीला कोण हाकलणार?" उत्तम. वीस तारखेला चौकात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

१० जुलै
साबण बदलला. आग तशीच. शर्ट नुसता टेकला तरी झोंबतो. पित्त असणार. तळलेला मासा बंद.
तिबुर्सिओकडे दाढी केली. म्हणाला, "मास्तर, असे वाकडे का बसलात?" म्हटलं, वाचणाऱ्या माणसाची पाठ अशीच होते. न्हाव्याला पटलं.

११ जुलै
पुरळ. पाण्याने भरलेले बारीक फोड, पोटापासून पाठीकडे पट्ट्यासारखे. घामोळं. आमच्या नदीकाठी जुलैत घामोळं कोणाला होत नाही?
ओतिलियाने टॉवेल बाजूला ओढून पाहिलं आणि तिच्या हातातला, आरेपाच्या भाकरीसाठी मळलेला मक्याच्या पिठाचा गोळा जमिनीवर पडला. "दादा, ही नागीण आहे. बाबांना होती म्हणतात तशीच."
मी तिला चांगलं सुनावलं. नागीण रानात असते, कातडीत नसते. बाबा हृदयविकाराने गेले. कमरेभोवती नागिणीची दोन टोकं जुळली म्हणून गेले, ही बायकांनी रचलेली कथा. भर दुपारी ते भिंतीतल्या हुकांना टांगलेल्या झोळ्यात पडले होते आणि आत्या दर थोड्या वेळाने दोरा लावून टोकांमधलं अंतर मोजत होती, मग एकदा तिने दोरा खाली ठेवला आणि मला अंगणात पाठवलं. मी फार लहान होतो. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

१२ जुलै
त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. केवळ ओतिलियाचं तोंड बंद करायला. डॉक्टर यामिले माझीच विद्यार्थिनी. शाळेत असताना निबंध बरा लिहायची.
एक नजर टाकून म्हणाली, "सर, ही नागीणच. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? तोच विषाणू. इतकी वर्षं मज्जातंतूत झोपला होता, आता उठला."
मी सहज विचारलं, टोकं जुळतात म्हणतात ते?
"नाही जुळत. एकाच बाजूच्या मज्जातंतूवर येते. मधली रेघ सहसा ओलांडतच नाही."
मी पुन्हा विचारलं. श्रोत्यांना नीट समजावता यावं म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझा हात धरला. ते अनावश्यक होतं.
सूचना: गोळ्या आजच सुरू करायच्या. फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग. उशीर केला तर फोड जातील पण दुखणं मागे राहू शकेल. फोड फोडायचे नाहीत. पाला, तंबाखू, टूथपेस्ट, शाई काहीही लावायचं नाही. थंड पाण्याची स्वच्छ पट्टी, सैल सुती कपडे, फोड झाकलेले. गरोदर बायकांपासून आणि कांजिण्या न आलेल्यांपासून लांब राहायचं. मग माझ्या टकलाकडे वळली. "हे खरखरीत डाग उन्हाने आलेत, सर. सनस्क्रीन लावा, टोपी घाला, आणि ते मला पुन्हा दाखवायला या." टोपी घालून कोणी क्रांती केल्याचं माझ्या वाचनात नाही.

१३ जुलै
गोळ्यांसोबतचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सामान्य पेशंट आणि मी यांत हाच फरक. मळमळ, डोकेदुखी, आणि क्वचित, वयस्कर माणसांत, गोंधळ आणि भ्रम.
भ्रम! आणि भाषण आठवड्यावर!
निर्णय: गोळ्या भाषण झाल्यावर, एकवीसपासून. हा भित्रेपणा नव्हे, नियोजन.

१४ जुलै
दोन आरसे लावून पाठ पाहिली. पट्टा मणक्याच्या जवळ आला आहे. मधली रेघ ओलांडत नाही हे मला ठाऊक आहे. विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास आहे. जेवण झाल्यावर पुन्हा पाहिलं.

१५ जुलै
ओतिलियाशी भांडण. ती म्हणते, एदुव्हिना म्हातारीकडे चल, ती मंत्राने नागीण बांधते. मी म्हटलं, मी मेल्यावर ही गोष्ट बोल! ती म्हणाली, "तेच होईल म्हणून तर बोलतेय, दादा. बाबाही असंच ओरडले होते म्हणे."
दुपारी पडलो होतो. समोरच्या भिंतीतल्या हुकांना कित्येक वर्षांत झोळा बांधलेला नाही. आज तो तिथे हलत होता. उन्हाने डोळ्यांना असं होतं. मग बरगडीखाली काहीतरी सरकलं. सरकलं म्हणजे सरकलंच. शब्द मी तोलून वापरतो.

१६ जुलै
अंधश्रद्धेवर बोलायचं तर ती जवळून पाहायला हवी. ऐकीव गोष्टींवर बोलतो तो बाजारबुणगा. म्हणून एदुव्हिनाकडे. अभ्यास म्हणून. रात्री गल्ली ओस पडण्याची वेळ निवडली, कारण तेव्हा ऊन कमी असतं.
म्हातारी हसली. "काय मास्तर, मागच्या वर्षी चौकात मला भोंदू म्हणालात. मोठ्याने म्हणालात. छान ऐकू आलं."
मी म्हटलं, विरोध तत्त्वाला असतो, व्यक्तीला नाही.
"बरं, मग तत्त्व त्या खुंटीला टांगा आणि शर्ट वर करा."
तिने कसलासा पाला ठेचून चोळला. मग काडी जांभळ्या शाईत बुडवून फोडांच्या दोन्ही टोकांना येशू, मारिया, जोसे अशी नावं लिहिली, शेपटीकडून डोक्याकडे, पुटपुटत. अक्षर वाईट. टोकं कुठवर आलीत, हे मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "वेळेत आलात."
नागीण सुकेपर्यंत आंघोळ नाही. निरीक्षण अर्धवट सोडणं अशास्त्रीय, तेव्हा पाळणे.

१७ जुलै
आग निम्मी झाली. पाल्यातला थंडावा, त्यात चमत्कार काही नाही. गाढ झोपलो. आंघोळ केली नाही. नळाला पाणी कमीच येतं.

१९ जुलै
भाषण पाठ. शेवटची ओळ रात्रभर घुमेल अशी आहे: "बांधवांनो, गुलामी बेडीत नसते. गुलामी कातडीवर लिहिलेली असते!" इथे दोन्ही हात आकाशाकडे.

२० जुलै, संध्याकाळ
असं ऊन माझ्या आयुष्यात पाहिलं नाही. महापौर, पाद्री, शाळेची मुलं, मी अध्यक्ष असलेल्या, अंधश्रद्धेविरुद्धच्या विवेकमंडळाचे सगळे सभासद, सगळा चौक. सुरुवात अप्रतिम. मध्ये घाम इतका की कोट काढावा लागला. पांढरा सुती शर्ट, सैल, डॉक्टरने सांगितला तसाच.
शेवटच्या ओळीला दोन्ही हात वर केले. "कातडीवर लिहिलेली असते!"
शांतता. टाचणी पडली असती तर खरंच ऐकू आली असती.
खाली पाहिलं. शर्ट अंगाला चिकटला होता आणि शाई फुटली होती. जांभळे ओघळ, आणि त्यातून स्वच्छ वाचता येणारं मारिया.
कोणी हसलं नाही. हसले असते तर उत्तर देता आलं असतं. हसणाऱ्यांना मी पन्नास वर्षं उत्तरं दिली आहेत. पुढच्या रांगेतल्या एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्या रांगेने. नंतर टाळ्या. अशा टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या. पाद्री व्यासपीठावर चढून मला कवटाळत म्हणाला, "मास्तर, देव वाट पाहत होता." त्याने नेमकं डाव्या बाजूने दाबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेही लोकांनी पाहिलं.

२१ जुलै
ठरल्याप्रमाणे गोळ्या सुरू. तारीख पाळली.

२३ जुलै
विवेकमंडळाची तातडीची सभा. मी खुलासा केला: ती शाई डॉक्टरची. रोगाचा विस्तार मोजण्यासाठी त्वचेवर खुणा करतात, ही आधुनिक पद्धत आहे. सेक्रेटरी रूफिनो म्हणाला, "आणि खुणेला मारिया म्हणतात?" या माणसाला विनोदाची वेळ कळत नाही. अध्यक्षपदावरून काही काळ विश्रांती घेण्याचं मी स्वतःहून ठरवलं. ठराव त्यांनी आधीच लिहून आणला होता, हा योगायोग.

३० जुलै
खपल्या पडल्या. त्वचा जवळजवळ साफ. गावभर बोलबाला, एदुव्हिनाने मास्तरांना वाचवलं. तिच्या अंगणात आता बाकं टाकली आहेत. मासेवालीला मी समजावलं की नागीण काही आठवड्यांत आपोआप सुकते. ती म्हणाली, "हो तर. नदीपण आपोआपच वाहते, मास्तर, पण होडी कोणीतरी हाकतंच ना?" अशा लोकांपुढे काय बोलायचं!
दुखणं मात्र जात नाही. फोड नाहीत आणि आग आहे. घर रिकामं आणि आत कोणीतरी चालतंय, तसं. यामिलेला दाखवलं. "गोळ्या कधी सुरू केल्या, सर?" म्हटलं, योग्य वेळी. तिने कार्डावरची तारीख पाहिली आणि दुखण्यावरची वेगळी गोळी लिहून दिली. शाळेत इतकी गप्प नसायची.

४ ऑगस्ट
तिबुर्सिओ दारात. डाव्या कपाळावर फोड, एक ओळ खाली नाकाच्या शेंड्यापर्यंत. डोळा लाल. म्हणाला, "आत नाही येत. एवढंच सांगा, एदुव्हिनाकडेच जाऊ ना?"
मी म्हटलं, डॉक्टरही आहे गावात.
"आहे की. पण तुम्ही कोणाकडे गेलात? एवढी पुस्तकं वाचलीत, मास्तर, आणि वेळ आली तेव्हा गेलात तिच्याकडेच. माझ्यासारख्याला तेवढं पुरे."
इथे खुलासा करता आला असता. पण मग कशाला गेलो, हे सांगावं लागलं असतं. आणि ओतिलिया मागेच उभी होती. मी म्हटलं, प्रत्येकाने आपल्या बुद्धीने निर्णय घ्यावा. व्यक्तिस्वातंत्र्याचा मी जन्मभर पुरस्कार केला आहे. तो मान डोलावत गेला. एदुव्हिनाच्या गल्लीकडे वळला.
उद्या निरोप पाठवणे.

५ ऑगस्ट
भयंकर उकाडा. निरोप उद्या.

७ ऑगस्ट
ओतिलिया सांगत होती, तिबुर्सिओच्या कपाळावर शाई लिहायला जागा पुरली नाही, म्हणून म्हातारीने पापणीवर लिहिलं. मी जेवणावरून उठलो. पित्त.

११ ऑगस्ट
रस्त्यात यामिलेने गाडी थांबवली. आज सर म्हणाली नाही. "नाकाच्या शेंड्यावर फोड आले की डोळा धोक्यात असतो. तिबुर्सिओ त्याच दिवशी माझ्याकडे आला असता तर! काल आला. राजधानीला पाठवलाय. तुमच्याकडे येऊन गेला होता म्हणे आधी?"
मी म्हटलं, उभ्या उभ्या. फार बोलणं झालं नाही.
दुपारी पडवत नव्हतं, खुर्चीत बसून राहिलो. हुकांकडे पाहिलं नाही. झोळा हलत असल्याचं न पाहताही समजत होतं. आत कोण आहे तेवढं समजत नव्हतं. बाबांसारखं अंग वाटत नव्हतं.

२६ ऑगस्ट
तिबुर्सिओचं दुकान आज उघडलं. डाव्या डोळ्यावर पट्टी. गावातला कोणी खुर्चीत बसायला धजेना. सगळे दारात उभे राहून चौकशी करत होते आणि दाढीचं आठवलं की घरी जात होते. त्याला धीर द्यायला मी गेलो. सगळं स्पष्ट सांगायचं ठरवून गेलो. सुरुवातीची दोन वाक्यं चालता चालता तयार केली होती, चांगली होती.
"या मास्तर," तो म्हणाला. "तुम्ही याल हे मी बायकोला सांगितलं होतं. डोळ्याचं काय, नशिबात होतं ते झालं. एदुव्हिनाचा दोष नाही. तुम्हाला गुण आलाच की."
खुर्चीत बसलो. त्याने फेस लावला, थोडा कानात गेला. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासला. मग दुसऱ्या हाताने माझा गाल चाचपून कुठे सुरू करायचं ते शोधलं.
मी तोंड उघडलं.
"हलू नका, मास्तर," तो म्हणाला. "या बाजूने तुम्ही मला दिसत नाही."
मी हललो नाही. बोललोही नाही.