उठेल तो पहिला

भांडुप, सोमवार, ता. ३ नोव्हेंबर २०२५

ती. शकुवन्संना सुगंधाचा शि. सा. न.

आधी तुमच्या भावाला आवरा, मग माझी खुशाली विचारा. सकाळी तोंड धुतलं की टीव्हीसमोर. विमान पळवलं, बस पळवली, बँकेत माणसं कोंडली, सगळे जुने पिक्चर. पोटचा पोरगा तिकडे आफ्रिकेच्या समुद्रात जहाजावर चाच्यांच्या बंदुकीपुढे बसलाय आणि बाप इथे बंदुका बघतोय! शेजारणी विचारतात, काय हो, आज कुठलं विमान?

रिमोट लपवला तर म्हणाले, यातून कळतं गं काय करायचं ते. काय कळलं? तर जो उठून बोलतो त्याला पहिली गोळी. म्हणून आपण गप्प राहायचं. सुशांतच्याच जहाजावर घाटकोपरच्या शेवंतीचा मुलगा आहे. ती मला म्हणते, अंधेरीला कंपनीच्या दारात जाऊन बसू. हे म्हणतात, तू इथे आवाज केलास तर तिकडे सुशांतचा नंबर पहिला. कंपनीवालेही तेच सांगतात, कुठे बोलू नका. त्यांचं बरं जमलंय.

फोनला हात लावू देत नाहीत. सुशांतचा फोन येईल आणि लाइन एंगेज लागेल म्हणे. श्रुतिकाचाही मोकळा ठेवायचा, बहिणीचा नंबर त्याला पाठ आहे म्हणून. त्यामुळे तुम्ही बोरिवलीला असून चौथी शिकलेली मी पत्र लिहितेय. श्रुतिका कामाला जाताना आणून देईल. तुम्ही थोरल्या. त्यांना चार शब्द सुनावा. लोभ भरपूर केलात भावावर, आता जरा धाक दाखवा.

तुमची सुगंधा


बोरिवली, बुधवार, ता. ५

चि. सौ. सुगंधाला शकुचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडू आलं आणि शेजारणींच्या विमानावर हसूही आलं, देव क्षमा करो. अगं, चंदूचं हे खूळ आजचं नाही. बाबा गिरणीतून येऊन झोपले की हा मला घेऊन पिक्चरला पळायचा. मारामारी बघायला नाही गं. शेवटी विमानाला शिडी लावतात, माणसं एकेक करून उतरतात, खाली घरचे उभे असतात, ते बघायला. शिडी लागली की माझं मनगट असं आवळायचा की बांगडी फुटायची. शेवटचा माणूस उतरेपर्यंत मला उठू द्यायचा नाही. बघू दे त्याला तेवढी शिडी. धाक कसला दाखवू?

आणि गप्प राहा म्हणतो ते मलाही पटतं. तू तोंडाने फटकळ. कंपनीतली माणसं शिकलेली, त्यांना कळत असेल. पोर सुखरूप येऊ दे, मग हवं तेवढं भांड, मीच पदर खोचून येते. जेवत जा. चंदूला कुळथाची पिठी करून घाल. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, त्याच्यावर नको.

तुझी शकुवन्सं


भांडुप, शुक्रवार, ता. ७

ती. वन्संना शि. सा. न.

शिडी बघतो असं तुम्ही लिहिलंत. नाही बघत. काल मी पिठी-भात घेऊन ह्यांच्या शेजारी बसले. बंदूकवाला कुणाला तरी निवडायला उठला आणि ह्यांनी पिक्चर बंद करून दुसरा लावला. त्यातही तसंच. म्हटलं, शेवट तरी बघा. म्हणाले, आत्ता सगळे जिवंत आहेत ना? मग राहू दे.

दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा बंद केलेला तो मी लावला आणि शेवटपर्यंत बघितला. वन्सं, आतले काही करू शकत नाहीत. बिचारे बसून असतात. बाहेर एक माणूस असतो, शर्ट चुरगळलेला, बायको त्याला कंटाळलेली. तोच साहेबांशी भांडतो, टेबल आपटतो, बंदूकवाल्याला बोलण्यात गुंतवतो, आत पाणी पाठवतो. तो घरी गेला असता तर शिडी लागलीच नसती. एक म्हातारा गेला त्यात. बाकीचे उतरले.

आपल्या सुशांतसाठी असा कोण आहे? कंपनीतला सौरभ! परवा वाण्याच्या फोनवरून त्याला लावला. म्हणतो, मॅडम, अपडेट नाही, साहेब मीटिंगमध्ये आहेत. विचारलं, पोरांना प्यायला पाणी तरी मिळतं का? म्हणतो, चेक करून सांगतो. अजून चेकच करतोय मेला.

शेवंती सोमवारी अंधेरीला जातेय. मला जायचंय. ह्यांना सांगितलं. वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, जा, पण त्याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस.

मी कुणाला घाबरत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यांचंच खरं निघालं तर? तो म्हातारा डोळ्यांसमोरून हलत नाही. ते ओझं मला एकटीला झेपणार नाही वन्सं. थोरल्या म्हणून तुम्ही जा म्हणा. पोरगा आला तर पुण्य सगळं तुमचं. नाही आला तर निम्मं पाप तुमच्या पदरात. घ्याल का?

जेवत जा, देवाला साकडं घाल, असलं काही लिहू नका. श्रुतिकाला रविवारी मुद्दाम पाठवते, तिला चहासाठीही थांबवू नका. जा किंवा नको, एकच लिहा. रविवारी दुपारपर्यंत माझ्या हातात हवं. लोभ किती ते मला त्यावरूनच कळेल.

सुगंधा