रोजचेच सात-पाच

बाबा, तुम्ही गेल्यावर मी माझ्या या दोन हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला धीर येईल. टेनिसच्या रॅकेटला तात ओढायचा सागवानी घोडा केला, आपल्या जुन्या पलंगाच्या पायांचा. तात ओवायची आरी केली छत्रीच्या काडीची. बाजारातली आरी लाकूड फाडते, ही फाडत नाही. तेलाच्या पिंपात सिमेंट ओतून कोर्टावर फिरवायचा रूळ केला. क्लबच्या मागच्या अंगाला सरावाची भिंत बांधली, ओळंबा लावून, आणि तिच्यावर नेटच्या उंचीची रेघ मारली, मधे तीन फूट, कडेला साडेतीन. सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, रेघ वाकडी आली की हो." मी म्हटलं, साहेब, नेट मधे झुकलेलंच असतं, तुम्ही इतकी वर्षं बघितलं नाहीत. आणि त्याच भिंतीशी मी माझा खेळ केला. तोही हातानेच केलेला. रॅकेट कशी धरायची हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत.

अंधेरीच्या या क्लबात तुम्ही मार्कर होतात, तुमच्यामागून मी झालो. चाळीत लोकांना वाटायचं, मार्कर म्हणजे गुण मांडणारा. आपण पगारी खेळाडू. ज्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं, त्याला घाम आणायचा आणि शेवटी सात-पाचने हरायचं. "मेंबराक सहा-शून्यान हरवलंस तर तो उद्या येवचो नाय," तुम्ही आईला सांगत होतात, मी ऐकत होतो, "आणि आपण सहा-शून्यान हरलो तर परवा येवचो नाय." चेंडू रेघेबाहेर चार बोटं टाकायचा, वीतभर नाही. मेंबरनेच हळहळावं, "अरेरे, थोडक्यात गेला!" असं हरायला जिंकण्यापेक्षा जास्त हात लागतो. हे मला जिंकायला शिकल्यानंतर फार उशिरा कळलं.

तो रविवार आठवतो. तुम्ही कापड-मिलच्या मॅनेजरसाहेबांशी खेळताय, मी बाहेर रेघा आखायच्या फक्कीची बादली घेऊन उभा आहे. वरून सांताक्रूझला उतरणारं विमान जातं, तुम्ही रिवाजाप्रमाणे हात वर करून खेळ थांबवता, आवाज ओसरल्यावर सर्व्हिस करता. पाच-पाच. मग सहा-पाच. मग तुमचा चेंडू रेघेबाहेर चार बोटं पडतो. सात-पाच. साहेब खूश, तुमच्या पाठीवर थाप मारतात. काहीही वेगळं घडलेलं नाही. आणि तुम्ही रॅकेट वाकू नये म्हणून लाकडी प्रेसमध्ये घालता, चारही पितळी नट आवळता, सरळ सेक्रेटरींच्या खोलीत जाता आणि नोकरी सोडून बाहेर येता.

घरी तुम्ही हे सांगितलंत आणि आईचा हात तव्यापाशीच थांबला. भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही. "कोणी काय बोलला?" तिने विचारलं. तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "आज मी मुद्दाम हरलंय की खरोखर हरलंय, ता माका कळाक नाय." मी उसळलो. "रोजच्यासारखेच सात-पाच झाले ना, बाबा! कुणाला काय कळलंय?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "कोणाकच कळाक नाय, म्हणान तर." एवढंच. आई म्हणाली, "जेवा आदी." आणि करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली.

माझा तो धक्का कधी ओसरलाच नाही. हात शाबूत, पगार चालू, आणि एका चार बोटांच्या चेंडूवरून माणूस घर उघड्यावर टाकतो? पुढच्याच सोमवारी तुमच्या जागेवर मी उभा राहिलो, रागाने, नुसत्या बघून आलेल्या कच्च्या खेळावर. तुम्ही फार जगला नाहीत. मी मनाशी धरून चाललो की बाबा थकले होते, हात गेला होता, आणि कबूल करायची लाज म्हणून हे वाक्य बोलले. मी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं टिकलो याचा मला अभिमान होता. होता, असं लिहावं लागतंय.

काल क्लबातले एक मेंबर, डॉक्टर, खेळायला आले होते. तरुण आहेत, परदेशातून स्टीलची रॅकेट आणलीय, नव्या भांड्यासारखी वाजते. पाच-पाच, सहा-पाच, शेवटी माझा चेंडू बाहेर. चार बोटं. डॉक्टर नेटजवळ येऊन डोळा मारतात, "काय मास्तर, आजपण सोडलात ना पॉइंट? मला सगळं कळतं हां!" मी नेहमीसारखा हसलो. आणि हसता हसताच तो चेंडू परत डोळ्यांपुढे आणला. तो चेंडू मी कुठे टाकणार होतो, तेच मला आठवेना. बाहेर की आत? मी तिथेच उभा. डॉक्टर टॉवेल खांद्यावर टाकून निघूनही गेले. बाबा, तुमचं ते वाक्य माझ्याच तोंडात आलं, तुमच्याच बोलीत.

घरी येऊन माझी रॅकेट उजेडात धरली. चेंडू लागून लागून तातीला जिथे केस उठतात ती जागा खोटं बोलत नाही. माझ्या तातीवर केस सगळीकडे होते, वर, कडेला, पार लाकडाशी. गेलं वर्षभर तात कडेला तुटत होती आणि मी तात विकणाऱ्याला शिव्या घालत होतो, दमट हवेला घालत होतो. मग माळ्यावरून तुमचा प्रेस काढला. त्या रविवारपासून तो कुणी उघडला नव्हता. पितळी नट हिरवे पडून घट्ट बसले होते, रॉकेल सोडून फिरवावे लागले. तात इतकी वाळलेली की बोट लावलं तर मोडेल. लावलं नाही, नुसतं बघितलं. केस उठले होते ते बरोबर मधोमध, जुन्या रुपयाएवढ्या जागेत. बाकीची तात कोरी.

मी दोन्ही रॅकेट शेजारी शेजारी ठेवल्या. तुमचा हात गेलाच नव्हता, बाबा. नुसती शंका आली होती, आणि तेवढ्यावर तुम्ही थांबलात. मला शंका कालच आली, पण हात कधीचा गेलाय, आणि सात-पाचच्या आड तो मला स्वतःलाही दिसला नाही. इतकी वर्षं तुम्हाला थकलेला म्हणत आलो. मनातल्या मनात, पण म्हणत आलो.

आज सकाळी सेक्रेटरींकडे गेलो आणि नोकरी सोडतो म्हटलं. ते खुर्चीतून उठलेच. "मास्तर, वेड लागलं का तुम्हाला? काल तर डॉक्टर तुमचं एवढं कौतुक करत होते!" तुमच्यासारखं खरं बोलायला गेलो आणि जीभ वळेना. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. हा कागद तुमच्या रॅकेटबरोबर प्रेसमध्येच घालतोय आणि नट आवळतोय, पण त्याआधी एवढं लिहून ठेवतो. गुडघ्याचं ऐकून ते म्हणाले, मग धावू नका, रोज एकच मेंबर घ्या, तोही तुम्ही निवडलेला, पॅव्हिलियनमागची खोली घ्या आणि पगार वाढवून महिना साडेचारशे रुपये. मी नाही म्हटलं.